सेकंड-हँड कॅमेऱ्याची बाजू
(द्वितीय वर्ष, कला)

गणपतीच्या आधीचे रविवार ज्यांनी लालबाग-परळच्या रस्त्यांवर काढले आहेत, त्यांना हे दृश्य नवे नाही. कारखान्यातून मोठी मूर्ती बाहेर पडते, ढोल-ताशे सुरू होतात आणि भाविकांच्याही पुढे उभी असते ती कॅमेरेवाल्या पोरांची फळी. कुणी दुभाजकावर, कुणी टेम्पोच्या टपावर, तर कुणी मित्राच्या खांद्यावर. चिंचपोकळीच्या चिंतामणीच्या आगमनाला तर माणसे मोजावीत की कॅमेरे, असा प्रश्न पडतो. या फळीत कुणी नवा आला की त्याला पहिला प्रश्न विचारतात, "कुठली बॉडी?" बॉडी म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा. हा प्रश्न आडनाव विचारल्यासारखा विचारला जातो आणि उत्तर ऐकून समोरच्याची जागा ठरते. मॉडेल जुने निघाले तर एक "अच्छा" येतो आणि बोलणे तिथेच संपते. फोटो कसे येतात, हे विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

आपल्या महाविद्यालयातही हीच तऱ्हा आहे. दरवर्षी पाच-सात जण तरी शिकवणीचे, पार्ट-टाइम नोकरीचे किंवा शिष्यवृत्तीचे पैसे जमवून कॅमेरा घ्यायला निघतात आणि प्रत्येकापुढे तोच पेच येतो : कमी पैशात वापरलेला घ्यावा, की हप्त्यांवर का होईना, नवे मॉडेल घ्यावे? माझे मत आधीच सांगून टाकते. ज्याच्या घरी पगार मोजून येतो आणि मोजूनच संपतो, त्याने पहिला कॅमेरा वापरलेलाच घ्यावा. तो स्वस्त पडतो हे कारण आहेच, पण माझ्या लेखी ते दुसऱ्या नंबरचे कारण आहे.

या मताला सर्वांत मोठा विरोध कुठल्या दुकानदाराने केला नाही, माझ्या वडिलांनी केला. बाबा नववीपर्यंत शिकले आणि गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये वॉचमन आहेत. मी कॅमेऱ्याचा विषय काढला तेव्हा ते लगेच म्हणाले, "नवा घे. हप्ते मी भरीन." मी वापरलेल्याचे सांगितल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्या अंगावर आयुष्यभर दुसऱ्याचं उतरलेलंच आलं. शाळेची पुस्तकं पण तशीच. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली पहिली तू. तुझ्या हातात तरी कोरी वस्तू असू दे."

यावर चटकन काय बोलणार? हिशेबाने याचे उत्तर देता येत नाही, कारण हा हिशेबाचा मुद्दाच नाही. ज्या घरात कोरी वस्तू म्हणजे मान, त्या घराला 'जुने तेवढेच चांगले' हे सांगणे उद्धटपणाचे आहे. असे तत्त्वज्ञान ज्यांच्याकडे सगळे नवे आहे त्यांनाच परवडते. जुन्या वस्तूंची आवड हीसुद्धा हल्ली एक महाग आवड झाली आहे. मला ते म्हणायचे नाही. मला एवढाच फरक दाखवायचा आहे, की उतरलेला शर्ट आपण निवडलेला नसतो. तो देणारा देतो, आपण घेतो आणि वर आभार मानतो. वापरलेला कॅमेरा मी दहा ठिकाणी फिरून, पारखून, घासाघीस करून घेतला, तर तो कुणी मला दिलेला नाही. माटुंग्याला किंग्ज सर्कलच्या फुटपाथवरून आपण सारेच जुनी पुस्तके आणतो. तिथे पुस्तक उलटून पाने तपासताना कुणाची मान खाली गेलेली मी पाहिली नाही. बाबांना हे पटायला दोन आठवडे लागले. पूर्ण पटले असेल असेही नाही. पण ते माझ्याबरोबर फोर्टात यायला तयार झाले.

आता हिशेब. नवे मिररलेस मॉडेल, सोबतच्या किट लेन्ससह, मला ६८ हजारांना सांगितले गेले. बारा हप्ते केले तर महिन्याला साधारण ५,६६७ रुपये. माझी आई लालबागला मसाला कुटायच्या डंकावर काम करते. उन्हाळ्याचा हंगाम सोडला तर तिच्या महिन्याच्या कमाईतला निम्म्याहून जास्त भाग या हप्त्यात जाईल. दुसरीकडे २०१५ साली बाजारात आलेला निकॉन डी ७२०० मला २४ हजारांना मिळाला आणि त्यावर ५० मिलिमीटरची जुनी लेन्स ५ हजारांना. एकूण २९ हजार. दोन वर्षे शाळेतल्या मुलांच्या शिकवण्या घेऊन मी ३१ हजार साठवले होते, त्यातून ते भागले.

पैशाचा फरक कुणालाही दिसतो. हप्ता आणखी एक गोष्ट करतो, तिच्याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. कशाचे फोटो काढायचे, हे तो ठरवू लागतो. आमच्या चाळीत एक दादा आहे. त्याचा हात आणि डोळा दोन्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले. दोन वर्षांपूर्वी त्याने हप्त्यांवर नवा कोरा कॅमेरा घेतला. हप्ता फेडायचा तर कामे घ्यायला हवीत, म्हणून तो लग्नाआधीच्या जोडप्यांचे फोटो काढू लागला. मग बारशी, वाढदिवस, दुकानांची उद्घाटने. ही कामे हलकी नाहीत, त्यांत कसब लागते आणि त्यांवर त्याचे घर चालते. त्याला मी नावे ठेवत नाही. पण डॉकयार्डवरच्या मजुरांचे जे फोटो काढायचे म्हणून त्याने कॅमेरा घेतला होता, ते अजून निघालेले नाहीत. रविवार त्याच्या हातात उरलाच नाही. आपण तर विद्यार्थी. आपल्याकडे रविवाराखेरीज आहे तरी काय?

येथे कुणीतरी दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण देईल. कॅमेऱ्याचा विषय निघाला की आमच्या भागात ते हटकून निघतेच, कारण सारे घडले इथेच, गिरगाव आणि दादरमध्ये. फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसी गहाण टाकल्या, १९१२ साली लंडन गाठले, विल्यमसन कंपनीचा नवा कॅमेरा घेतला, दादरला चित्रण केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. तेव्हा कर्ज काढा आणि नवे घ्या, असा त्यातून अर्थ काढतात. पण त्याच मुंबईतली त्याआधीची एक गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी लंडनहून चलच्चित्रांचा कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. १९०१ साली रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागतही सावेदादांनीच टिपले. पुढे त्यांनी तो कॅमेरा विकून टाकला. घेणाऱ्यांत करंदीकर आणि दिवेकर यांच्याबरोबर श्रीनाथ पाटणकर होते. हे पाटणकर पुढे मूकपटांचे नामवंत निर्माते-दिग्दर्शक झाले. मराठी माणसाच्या सिनेमाच्या इतिहासात सेकंड-हँड कॅमेऱ्याची जागा अशी अगदी सुरुवातीलाच आहे!

फाळक्यांना कमी लेखण्याचा हेतू नाही. त्यांना पूर्ण कथापट करायचा होता. कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडायचे यंत्र हवे होते, धुण्या-छापण्याची सामग्री हवी होती. आणि हे सारे जुन्या बाजारात मिळण्यासारखे नव्हते. ज्याचे काम नव्याशिवाय होणारच नाही, त्याने नवे घ्यावे. आज ज्याला व्हिडिओचे काम करायचे आहे किंवा धावत्या खेळाडूच्या डोळ्यावरून फोकस हलता कामा नये अशी ज्याची गरज आहे, त्याला नवे मिररलेस मॉडेल खरोखरच जास्त उपयोगी पडेल. ते वजनाला हलके असते, वॉरंटी असते, डोळा शोधून त्यावर फोकस धरण्यात जुना डीएसएलआर त्याच्या जवळपासही येत नाही. हे मान्य करूनच पुढे जाऊ.

पण आपल्यातल्या बहुतेकांना काय काढायचे असते? माणसे, रस्ते, घरे. आणि आपल्या घरांत नेहमी कशाची वाण असते, तर उजेडाची. चाळीच्या जिन्यात एक बल्ब, गॅलरीत ट्यूबलाइट, तीही एका टोकाला. नव्या कॅमेऱ्यांसोबत जी किट लेन्स देतात, ती झूम पुरी केली की बहुधा एफ ६.३ वर येऊन थांबते. माझी पाच हजारांची जुनी लेन्स एफ १.८ पर्यंत उघडते. या आकड्यांचा वर्ग करून भागाकार केला तर उत्तर बाराच्या आसपास येते, म्हणजे तेवढ्याच वेळात बारापट उजेड आत. किट लेन्सने जिथे शटर सेकंदाचा पाचवा हिस्सा उघडे ठेवावे लागेल आणि पाणी भरणाऱ्या बाईचा हात पुसट येईल, तिथे मला साठावा हिस्सा पुरतो. नव्या कॅमेऱ्यालाही अशी लेन्स लावता येतेच, फक्त तिचे पैसे वेगळे. या लेन्सचा दोषही सांगते : डी ७२०० वर ५० ची लेन्स अरुंद पडते. दहा बाय बाराच्या खोलीत माणूस मावायचा तर भिंतीला पाठ लावून, कधी कपाटाच्या बाजूला अंग चोरून उभे राहावे लागते.

"मग मोबाइल काय वाईट?" हा प्रश्न मला वर्गात तिघांनी विचारला. वाईट काहीच नाही. फक्त आजोबांच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या माझा मोबाइल मला न विचारता पुसतो, आणि मला त्याच हव्या आहेत.

जुना बाजार सध्या खरेदीदाराच्या बाजूचा आहे, याला एक कारण आहे. २०२० नंतर कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही. त्यांचे सारे लक्ष मिररलेसकडे गेले. ज्यांच्याकडे पैसा आहे ते जुने कॅमेरे आणि लेन्सा काढून टाकत आहेत. कालपर्यंत आपल्याला ज्याकडे काचेतूनच बघावे लागे, ते आज हाताला लागते आहे. उद्या सुटे भाग मिळायला अडचण पडेल, हा धोका आहे. पण डी ७२०० चे शटर दीड लाख उघडझापींपर्यंत तपासलेले आहे. माझ्या कॅमेऱ्याची ४१ हजार झाली आहेत. रविवारी तीनशे फोटो काढले तर वर्षाला १५,६०० होतात. म्हणजे उरलेली एक लाख नऊ हजार साधारण सात वर्षे पुरतील. तोवर मी एम. ए. होऊन कुठेतरी चिकटलेली असेन, अशी घरच्यांना आशा आहे.

शटर किती झाले, हे कसे कळते? निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्येच तो आकडा लिहिलेला असतो. म्हणून सीएसएमटीसमोरच्या बोरा बाजारात गेलात तर आपले मेमरी कार्ड खिशात घेऊन जा, तिथेच दहा फोटो काढा आणि घरी आणून संगणकावर पाहा. दुकानदार "आजच घ्या, उद्या जाईल" म्हणेल. गेला तर जाऊ द्यावा, दुसरा येतो. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च मारून पाहावा. बुरशी असेल तर कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. मुंबईच्या पावसाळ्यात ही बुरशी नव्या लेन्सलाही सोडत नाही, मग जुनीचे काय! आकाशाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा एक फोटो लहान छिद्राने काढला की सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी उघडी पडते. आणि पावतीवर कॅमेऱ्याचा नंबर लिहून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण चोरीचा माल आपल्या गळ्यात पडला तर निस्तरायला आपल्याकडे वकील नाही. मी पाहिलेल्यांपैकी चार कॅमेरे नाकारले. त्यांतला एक दिसायला सर्वांत नवा होता. त्याची रबराची पकड ताजी चिकटवलेली होती आणि शटरचा आकडा एक लाख बत्तीस हजार. पाचवा घेतला. तो आता हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह राहतो. पुड्या बुटांच्या दुकानातून फुकट मिळाल्या. आमच्या घरी बुरशीपेक्षा मोठी भीती आईच्या साडीवरून येणाऱ्या मिरचीच्या धुळीची आहे, त्यामुळे ती कामावरून आली की डबा बंद, असा नियम आहे.

एक आक्षेप मला स्वतःलाच सुचला होता. आपण गिरणगावात राहतो आणि जुन्या यंत्रांची बाजू घेतो, हे जरा चमत्कारिक नाही का? यंत्रे जुनी झाली, मालकांनी नवी आणली नाहीत, म्हणून गिरण्या बुडाल्या, असे सर्रास सांगितले जाते. आजोबा साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला त्या दिवसापर्यंत त्यांनी साचे चालवले. संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. आजोबांसारखे अनेक जण पुन्हा कामावर घेतलेच गेले नाहीत. मी त्यांना हा प्रश्न विचारला. ते म्हणाले, "मशिनं जुनी होती, ते खरंच. पण आमच्या खात्यात तेल घालायचं त्याच्या आधी बंद झालं. तेल घातलं असतं तर अजून चालली असती." हे त्यांच्या एका गिरणीच्या एका खात्यापुरते आहे. साऱ्या गिरणधंद्याचा इतिहास त्यातून काढावा, असा माझा दावा नाही. पण कॅमेरा घरी आणला तेव्हा बाबांच्याही आधी तो आजोबांनी हातात घेतला. बटण दाबले, आतला आरसा खाडकन वर गेला, तो आवाज त्यांनी चार-पाच वेळा ऐकला आणि विचारले, "याला तेल कुठे घालायचं?" याला तेल चालत नाही, पुसायला कोरडा ब्रश लागतो, हे सांगितल्यावर ब्रशचे काम त्यांनी स्वतःकडे घेतले आहे.

आता मी घाई का केली ते सांगते. आमची चाळ दिवाळीनंतर रिकामी करायची आहे. विकासकाशी करार झाला, भाड्याचे धनादेश ठरले, कोण दिव्याला जाणार, कोण कल्याणला, याची चर्चा गॅलरीत रोज चालते. नवा कॅमेरा कर्जाशिवाय घ्यायचा तर मला आणखी दीड-दोन वर्षे तरी साठवत बसावे लागले असते. तोपर्यंत इथे खड्डा असेल. आजूबाजूला हेच चालले आहे. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. शंभर वर्षे उभ्या राहिलेल्या त्या बीडीडी चाळींच्या जागी आता टॉवर चढू लागले आहेत. नवी घरे मोठी असतील, संडास आत असेल, आणि ते व्हायलाच हवे. सार्वजनिक संडासाच्या रांगेचे कौतुक ज्याने ती लावलेली नाही त्याने करावे. पण ती रांग होती, तिच्यात कोण कुणाच्या मागे उभे राही आणि कोण कुणाला पुढे सोडी, याची काही खूण राहील की नाही?

आमच्याकडे चाळीचे फोटो म्हणून जे आहेत ते सारे लग्नांचे, नाहीतर गणपतीचे. नळाचा एकही नाही. माझी आजी चार वर्षांपूर्वी गेली. भिंतीवर हार घातलेला तिचा फोटो मतदार ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला आहे. त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. तिला चांगले ओळखणारी माणसेही त्या फोटोपुढे क्षणभर थांबतात. बावन्न वर्षे ती या चाळीत राहिली, पण स्वयंपाक करताना, भांडताना, हसताना तिला कुणी टिपले नाही. टिपण्यासारखे त्यात काही आहे, असे आमच्यापैकी कुणाला वाटलेच नव्हते. आणि वाटले असते तरी कॅमेरा कुठे होता? गेल्या दोन महिन्यांत मी चौसष्ट खोल्यांपैकी अडतीस खोल्यांत जाऊन आले. बहुतेक बायका आधी म्हणतात, "थांब, साडी बदलते." मी थांबते, बदललेल्या साडीतला एक काढते आणि मग त्या चहा टाकायला वळल्या की दुसरा.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. आपल्याकडेही एक कॅमेरा आहे, हे पुष्कळांना माहीत नसेल. तो नवा आहे, महाग आहे, आणि म्हणूनच कार्यालयातल्या कुलुपाच्या कपाटात आहे. पोरांच्या हातून पडला तर जबाबदारी कुणाची, या प्रश्नावर त्याचा मुक्काम तिथेच पडला. स्नेहसंमेलनाला फोटोग्राफर बाहेरून येतो. त्या एका कॅमेऱ्याच्या किमतीत माझ्यासारखे दोन वापरलेले कॅमेरे, प्रत्येकी एक लेन्स, वर हवाबंद डबे आणि कार्डे एवढे सगळे सहज झाले असते, आणि पडण्याच्या भीतीने ते कुणी कोंडून ठेवले नसते. पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात वाङ्मय मंडळाच्या नावे तीस हजार धरता आले तर सुरुवात एका कॅमेऱ्याने करावी. तो आठवड्याला एका विद्यार्थ्याला, वहीत सही घेऊन, घरी न्यायला द्यावा. खरेदीला प्राध्यापकांपैकी कुणी येणार असतील तर टॉर्च आणि मेमरी कार्ड मी आणीन. शनिवारी बोरा बाजारातली दुकाने उघडी असतात. अकराच्या आधी मात्र कुणी शटर वर करत नाही.